वाळूतलं अळंबं: सापडल्यापासून नवी प्रजाती म्हणून नाव छापून येईपर्यंत

वाळूच्या टेकडीवर सापडलेलं एखादं अळंबं विज्ञानाला नवीन आहे, हे ठरायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात. ते सगळं काम वाया जायला मात्र पहिले दोन तास पुरतात. देठ वाळूतच तुटला, बीजाणूंचा ठसा घेतला नाही, वाळवायला उशीर झाला, की पुढे कितीही महागडा डीएनए तपास केला तरी नमुना उभा राहत नाही. म्हणून या लेखात किनाऱ्यावरच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

इथली पद्धत वेंगुर्ले-शिरोड्यापासून मांद्रे-मोरजी आणि पुढे गालजीबागेपर्यंतच्या पट्ट्यात पावसाळ्यात उगवणाऱ्या, टोपी-देठ-कल्ले असलेल्या अळंब्यांसाठी आहे. वाळूच्या कणांना चिकटून वाढणाऱ्या सूक्ष्म सागरी बुरशा किंवा मर्यादवेलीच्या मुळांत राहणाऱ्या बुरशा यांचं तंत्र पूर्ण वेगळं, ते इथे घेतलेलं नाही. उदाहरण म्हणून इनोसायबी हा गट धरू. तपकिरी बीजाणूंची, दोन-तीन सेंटिमीटर टोपीची ही अळंबी झाडांच्या मुळांशी जोडून वाढतात आणि वाळूत चांगली रमतात. यातल्या अनेकांत मस्करीन हे विष असतं. चव घेऊन बघायची नाही, आणि हाताळल्यावर हात धुवायचे.

निघण्याआधी

वाळूच्या टेकड्या २०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत सर्वांत संवेदनशील वर्गात, म्हणजे एक-अ मध्ये येतात. सुरूची बनं बऱ्याच ठिकाणी वन खात्याची असतात, तेव्हा परवानगी लेखी घ्या. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही सांगून ठेवा. गावातल्या माणसांना अळमी कुठे, केव्हा उगवतात हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, त्यामुळे ही भेट केवळ कागदासाठी नसते. परदेशी सहकारी असेल किंवा नमुना देशाबाहेर जाणार असेल, तर जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे काय मंजुरी लागते ते गोळा करण्याआधीच तपासा. याच कायद्याच्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती सापडली की नेमून दिलेल्या संस्थेला कळवणं आणि तिथे नमुना जमा करणं बंधनकारक आहे.

हंगाम जून ते ऑक्टोबर. वाळूत पाणी टिकत नाही, म्हणून जमिनीवरचा हिशेब इथे चालत नाही. चार-पाच दिवस सलग पाऊस झाला आणि मग उघडीप मिळाली, की पुढच्या काही दिवसांत फेरी मारा. दोन दिवस कडक ऊन पडलं तर लहान अळंबी जागीच सुकतात. गालजीबाग, मोरजी, वेळास अशा कासवांच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात खणायचं नाही.

सोबत हे असू द्या: पात्याचं अरुंद खुरपं, मऊ रंगकामाचा ब्रश, कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा, बटर पेपर, ॲल्युमिनियम फॉइल, मिलिमीटरची पट्टी, करडं कार्ड, २ मिलीच्या झाकणाच्या नळ्या, पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. पेनची शाई पावसात पसरते. प्लास्टिकच्या पिशवीत अळंबी कधीच ठेवू नका, तासाभरात घाम येऊन कल्ले चिकटतात.

वाळूवरचे पहिले दोन तास

आधी फोटो, मग हात. जागेवर, सावलीत, फ्लॅश न वापरता: वरून, बाजूने आणि आजूबाजूची झाडं दिसतील असा लांबून. एका फोटोत करडं कार्ड असू द्या, नाहीतर ओल्या वाळूवरून येणारा उजेड रंग फिकट दाखवतो.

मग खणा. वाळूतल्या अळंब्याचा निम्मा देठ बऱ्याचदा खाली असतो. वारा वर वाळू टाकत राहतो तसा देठ लांबत जातो. खुरपं देठापासून पाच-सहा सेंटिमीटर लांब, उभं खुपसा आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल जाऊन अख्खा गोळा उचला. तळाशी फुगीर कंद आहे का, मुळासारखा लांब शेंडा आहे का, पांढऱ्या तंतूंनी वाळू बांधून धरली आहे का, ते तिथेच लिहा आणि फोटो काढा. वाळू सुकली की हा गोळा विस्कटतो, मग काहीच सांगता येत नाही. कंदाच्या कडेला दिसणारी कडी खरंच आवरणाची आहे की नुसती चिकटलेली वाळू, हे भिंगाखाली पाहून ठरवा. वाळू ब्रशने हलकेच झाडा. पाण्याने धुतलं तर टोपी आणि देठ यांच्यामधला कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा निघून जातो, आणि इनोसायबीत तो आहे की नाही हा मोठा मुद्दा असतो. तो फक्त अगदी कोवळ्या कळ्यांवर दिसतो. म्हणून कळीपासून पूर्ण उघडलेल्या टोपीपर्यंत निरनिराळ्या वयाची पाच ते दहा अळंबी घ्या, बाकीची राहू द्या.

एक नियम काटेकोर पाळा: एका जागी, एका वेळी, एकाच प्रजातीचं वाटतं तेवढंच एका क्रमांकाखाली. दहा पावलांवरचं ‘तसंच दिसणारं’ अळंबं वेगळ्या क्रमांकाखाली, वेगळ्या कप्प्यात. प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलं जातं तो होलोटाइप एकाच वेचणीतला असावा लागतो. त्यात दोन प्रजाती मिसळल्या असतील तर नाव नेमकं कोणाचं, हा वाद पुढची पन्नास वर्षं चालतो.

वहीत लिहायचं ते असं: तारीख, जीपीएस पाच दशांश स्थळांपर्यंत, भरतीरेषेपासूनचं अंतर, टेकडीचा समुद्राकडचा उतार की माथा की मागचा सखल भाग, आणि दोन-तीन मीटरच्या आतला सगळा झाडझाडोरा. रावणाच्या मिशा, मर्यादवेल, केवडा, उंडी, सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ, जे असेल ते नावानिशी. सुरूची मुळं बरीच लांब जाऊ शकतात, तेव्हा लांबच्या झाडाचीही नोंद हवी. ‘किनारा, वाळू’ एवढंच लिहिलेला नमुना नंतर कुणाच्याच कामाचा नसतो.

रंग त्याच दिवशी, दिवसाउजेडी, सावलीत नोंदवा. ‘तपकिरी’ या शब्दाला अर्थ नाही. मन्सेलसारख्या रंगतक्त्याचा संकेतांक द्या. टोपी ओली असतानाचा आणि सुकत आल्यावरचा असे दोन्ही रंग लिहा. मुसळधार पावसात भिजलेल्या टोपीचा रंग धुतलेला असतो, एका वेचणीवर विसंबू नका. अळंबं उभं चिरून आतला रंग बघा, दोन बोटांत चुरगळून वास घ्या. इनोसायबीत वीर्यासारखा, कच्च्या मक्यासारखा, कधी गोड फळासारखा वास येतो, आणि तो ओळखीला खरोखर उपयोगी पडतो.

त्याच संध्याकाळी

तीन कामं, याच क्रमाने.

पहिलं, बीजाणूंचा ठसा. एक पिकलेली टोपी कापून कल्ले खाली करून काचपट्टीवर ठेवा, वर वाटी पालथी घाला. चार ते बारा तास पुरतात. त्याहून जास्त ठेवलं तर दमट हवेत टोपी सडते आणि माश्यांच्या अळ्या ठसा खराब करतात. ठसा पांढऱ्या कागदावर धरून रंग नोंदवा आणि काचपट्टी फॉइलमध्ये गुंडाळून नमुन्यासोबत ठेवा. ठशातले बीजाणू पिकलेले असतात, मोजमापासाठी तेच सर्वांत चांगले.

दुसरं, डीएनएसाठी तुकडा. टोपी वरून सोला आणि आतला, हवेला न लागलेला तांदळाच्या दाण्याएवढा गर स्वच्छ ब्लेडने काढून डीएनए टिकवणाऱ्या २ टक्के सीटॅब द्रावणाच्या नळीत किंवा सिलिका जेलमध्ये टाका. प्रत्येक नमुन्याला नवं ब्लेड. बाहेरच्या कातडीवर वाळूतल्या बुरश्यांचे बीजाणू चिकटलेले असतात, ते आले तर महिनाभराने भलत्याच बुरशीचा डीएनए-क्रम (अक्षरांची रांग) हातात पडतो.

तिसरं, वाळवणं. ४० ते ४५ अंश सेल्सिअसला, हवा खेळती ठेवून, अळंबं काडीसारखं कडकन मोडेपर्यंत. लहान अळंब्यांना रात्रभर, जाड्यांना दिवसभर. ५० अंशांच्या वर गेलात तर ऊती शिजते, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी फुगत नाहीत. ओव्हन किंवा उन्हावर भरवसा ठेवू नका. ड्रायरमधून काढलेलं अळंबं जुलैच्या हवेत तासाभरात पुन्हा मऊ पडतं, म्हणून गरम असतानाच सिलिका जेलसह झिपच्या पिशवीत बंद करा. हर्बेरियमला (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला) देण्याआधी उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवा, किडे मरतात.

सूक्ष्मदर्शकाखाली

नव्या ब्लेडने कल्ल्याचा पातळ काप घ्या, अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवा आणि ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बसवा. वाळूचा एक कण राहिला तरी झाकणकाच फुटते आणि तेलाच्या भिंगावर ओरखडा येतो, तेव्हा आधी कमी वर्धनावर काप तपासा. पारदर्शक पेशी दिसण्यासाठी काँगो रेड हा रंग वापरा. मेल्झरचं द्रावण (बीजाणूंचा रंग बदलतो का ते पाहायचं आयोडीनचं द्रावण) स्वतः करायचं तर २० मिली पाण्यात आधी १.५ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा, मग ०.५ ग्रॅम आयोडीन, शेवटी २२ ग्रॅम क्लोरल हायड्रेट. क्रम उलटा केला तर आयोडीन साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. क्लोरल हायड्रेट विषारी आहे, हातमोजे हवेत. अमोनियातला काप थेट मेल्झरमध्ये घालू नका, द्रावण गढूळ होतं.

मोजपट्टीचं कॅलिब्रेशन स्टेज मायक्रोमीटरवर (ठरलेल्या अंतराच्या बारीक रेघांच्या काचपट्टीवर) प्रत्येक भिंगासाठी वेगळं करा. बीजाणू १००० पट वर्धनावर मोजा, शक्यतो तीन अळंब्यांतून प्रत्येकी वीस, कमीत कमी दोन अळंब्यांतून एकूण तीस. बाजूने दिसणारेच घ्या, टोकाचा देठाचा उंचवटा आणि पृष्ठावरचे फुगवटे मोजू नका. निष्कर्ष असा लिहितात: (७.०–)७.५–९.०(–९.५) × ५.०–६.० मायक्रॉन, सोबत लांबी-रुंदीचं गुणोत्तर आणि त्याची सरासरी, किती बीजाणू, किती अळंब्यांतून आणि कोणत्या द्रावणात. हायड्रॉक्साइडमध्ये बीजाणू किंचित फुगतात, म्हणून द्रावण लिहिल्याशिवाय आकडे तुलनेला चालत नाहीत. त्यानंतर बीजाणूधर पेशी, कल्ल्याच्या कडेवरच्या आणि बाजूवरच्या सिस्टिडिया (बीजाणू न देणाऱ्या, वेगळ्या उठून दिसणाऱ्या पेशी), टोपीच्या कातडीची रचना, देठावरच्या पेशी आणि तंतूंच्या सांध्यावर क्लॅम्प (छोटे आकड्यासारखे फुगवटे) आहेत का, हे सगळं चित्रासह.

किनाऱ्यावरच्या नमुन्यात एक सापळा नेहमी असतो, तो सविस्तर सांगायला हवा. इनोसायबीच्या अनेक प्रजातींत सिस्टिडियाच्या शेंड्यावर स्फटिकांचा मुकुट असतो, आणि तो असणं-नसणं यावर ओळख फिरते. पण समुद्राच्या तुषारांतलं मीठ अळंबं वाळताना याच ठिकाणी स्फटिक धरतं, आणि शिंपल्यांचा चुरा तर कोकणच्या वाळूत सगळीकडे. तिन्ही चमकदार दिसतात. वेगळे करायची रीत अशी: काप साध्या पाण्यात बसवा. जे विरघळून गेलं ते मीठ. उरलेल्यावर झाकणकाचेच्या कडेने पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडा. बुडबुडे आले तर तो शिंपल्याचा चुना, बुडबुडे न येता हळूहळू विरघळलं तर कॅल्शियम ऑक्झलेट, म्हणजे बुरशीचा खरा स्फटिक. कशानेच न हलणारा, कोनदार दाणा बहुधा क्वार्ट्झ. आम्ल भिंगाला लागू देऊ नका, आणि ही चाचणी केल्याचं वर्णनात लिहा.

डीएनए

बुरशांची अधिकृत बारकोड खूण म्हणजे आयटीएस हा भाग, २०१२ पासून. आयटीएस१एफ आणि आयटीएस४ या प्रायमरांनी (हवा तो भाग पकडून त्याच्या नकला सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) साधारण ६०० ते ७०० अक्षरांचा तुकडा मिळतो. ९४ अंशांना ३० सेकंद, ५५ अंशांना ३० सेकंद, ७२ अंशांना एक मिनिट, अशा पीसीआरच्या, म्हणजे नकला काढण्याच्या, ३५ फेऱ्या बहुतेक वेळा चालतात. एलएसयू हा दुसरा भागही करा, आणि जवळच्या प्रजाती चिकटून येत असतील तर आरपीबी२ किंवा टीईएफ१ ही जनुकं सुद्धा. क्रम दोन्ही दिशांनी वाचून घ्या आणि आलेख स्वतः डोळ्यांनी तपासा. यंत्राने दिलेली अक्षरं तशीच्या तशी पुढे नेणं ही नेहमीची चूक आहे. शक्य असेल तर दोन वेगळ्या वेचण्यांतून क्रम काढा. एकाच अळंब्यावर उभी केलेली नवी प्रजाती परीक्षकांना पटत नाही, आणि न पटण्यात ते चुकत नाहीत.

जेनबँकेत, म्हणजे डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात, शोध घेतल्यावर ९७ टक्क्यांच्या खाली साम्य म्हणजे नवी प्रजाती, असं मानणारे आजही आहेत. तसा नियम नाही. काही गटांत ९९ टक्के साम्य असलेल्या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. शिवाय जेनबँकेतली नावं क्रम टाकणाऱ्याने दिलेली असतात आणि त्यातली बरीच चुकलेली असतात. टाइप नमुन्यातून, म्हणजे नाव ज्याला बांधलं आहे त्यातून, काढलेला क्रम कोणता, ते आधी शोधा. त्यालाच वजन द्या. मग सगळ्या जवळच्या प्रजातींचे क्रम एकत्र जुळवून वंशवृक्ष काढा. तुमच्या वेचण्या स्वतंत्र फांदीवर एकत्र बसतात का आणि फांदीला बूटस्ट्रॅपचा आधार (पुन्हा पुन्हा वृक्ष काढल्यावर तीच फांदी किती टक्के वेळा येते) किती, ते पाहा. ७० च्या खालच्या आकड्यावर दावा उभा करू नका.

खरी परीक्षा: तुलना

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पहिली चूक होते ती युरोपातली पुस्तकं समोर ठेवून. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर सॅथिरेला अम्मोफिला हे अळंबं मॅरम गवताच्या मुळाशी वाढतं. कोकणात ते गवतच नाही. वाळूत उगवलं, रंग जुळला, एवढ्यावर ते नाव इथे लावलं तर चूक नोंदींतून पुढे सरकत राहते.

दुसरी चूक उलट्या दिशेची आणि जास्त लाजिरवाणी. आपल्या किनाऱ्यावरची सुरूची बनं लावलेली आहेत आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ नावाप्रमाणे तिकडचीच. मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशा झाडांबरोबर जगभर फिरल्या आहेत. पायसोलिथससारख्या गटात हे चांगलं माहीत आहे. म्हणून अशा झाडांखाली मिळालेलं, भारतात कधी न नोंदलेलं अळंबं ऑस्ट्रेलियात शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेलं असू शकतं. तुलनेत ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि आग्नेय आशिया नसेल तर लेख पाठवू नका.

तिसरं, जुनी नावं. बर्कली आणि ब्रूम यांनी १८७०च्या दशकात श्रीलंकेतल्या अळंब्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली. तेव्हाची वर्णनं तीन-चार ओळींची, मूळ नमुने बहुतेक लंडनमधल्या क्यू इथल्या संग्रहात. त्यांतली अनेक नावं आज दुसऱ्या वंशांत गेली आहेत. इंडेक्स फंगोरम या बुरश्यांच्या नावांच्या ऑनलाइन यादीत वंशाची सगळी नावं काढून श्रीलंका, भारत आणि मलाया इथलं प्रत्येक मूळ वर्णन वाचावंच लागतं. इनोसायबीच्या बाबतीत आणखी एक काम वाढतं: २०१९-२० मध्ये हा गट फोडून इनोस्पर्मा, स्यूडोस्पर्मा, मॅलोसायबी असे वेगळे वंश मान्य झाले, तेव्हा या सगळ्या नावांखाली शोधा.

तुलनेचा तक्ता करा. आडव्या ओळीत सर्वांत जवळच्या चार-पाच प्रजाती, उभ्या रकान्यांत टोपीचा आकार, बीजाणूंचं माप, सिस्टिडिया, यजमान झाड, देश. निदान दोन स्थिर, मोजता येणारे फरक वंशवृक्षाशी जुळले तर नवीन म्हणण्यात अर्थ आहे. फक्त रंग वेगळा असेल तर थांबा आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वेचा.

नाव आणि छपाई

विशेषण लॅटिन व्याकरणाने वंशाच्या लिंगाशी जुळवावं लागतं. इनोसायबी स्त्रीलिंगी, म्हणून कोकणावरून ‘कोंकणेन्सिस’. ट्युलोस्टोमा हा दुसरा वंश नपुंसकलिंगी, तिथे ‘कोंकणेन्से’. वाळूत राहणारं या अर्थाचं ‘अरेनिकोला’ हे नाम आहे, ते बदलत नाही. तेच विशेषण त्या वंशात आधी वापरलेलं असेल तर नाव बाद होतं, तेव्हा आधी तपासा. नाव कोणाच्या सन्मानार्थ असेल तर पुरुषासाठी शेवटी ‘इ’, स्त्रीसाठी ‘ए’. स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत.

नाव वैध ठरायला लागतं ते एवढं: इंग्रजी किंवा लॅटिनमधलं वर्णन अथवा फरकवाक्य, होलोटाइप कोणता आणि कोणत्या हर्बेरियममध्ये याचा स्पष्ट उल्लेख, मायकोबँक, इंडेक्स फंगोरम किंवा फंगल नेम्स यांपैकी एकाचा नोंदणी क्रमांक, जो १ जानेवारी २०१३ पासून सक्तीचा आहे, आणि छापील प्रकाशन किंवा आयएसएसएन अथवा आयएसबीएन (नियतकालिकाचा किंवा पुस्तकाचा अधिकृत क्रमांक) असलेलं पीडीएफ प्रकाशन. यातलं एक राहिलं तरी नाव उभंच राहत नाही. क्रमांक लेख स्वीकारल्यावर घ्या, म्हणजे परीक्षकांच्या सूचनेवरून नाव बदललं तरी गोंधळ होत नाही. प्रकाशनाआधी वर्तमानपत्राला नाव देऊ नका. त्याने नाव वैध होत नाही, पण सगळीकडे फिरतं.

फरकवाक्य छोटं आणि नेमकं हवं. नमुन्यादाखल, काल्पनिक आकड्यांनिशी: ‘जवळच्या अमुक प्रजातीपेक्षा लहान टोपी (१२–२८ मिमी), फुगवटे नसलेले गुळगुळीत बीजाणू आणि वाळूत १० सेंमीपर्यंत जाणारा देठ यांमुळे वेगळी.’ यात ‘सुंदर’, ‘दुर्मीळ’ अशा शब्दांना जागा नाही.

होलोटाइप दोन संस्थांत वाटू नका. तो अखंड एकाच ठिकाणी द्या, त्याच वेचणीतली उरलेली अळंबी आयसोटाइप म्हणून दुसरीकडे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर बुरशी हर्बेरियम आहे आणि जिवंत संवर्धनांसाठी राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहही तिथेच आहे. वेष्टणात अळंब्यांसोबत ठशाची काचपट्टी, रंगनोंदींची प्रत आणि जेनबँक क्रमांकांची चिठ्ठी घाला. तीस वर्षांनी तो पुडा उघडणाऱ्याला तुमची वही मिळणार नसते.

लेख प्रसिद्ध झाला की दोन कामं उरतात आणि ती बहुतेक राहून जातात. जेनबँकेत ‘इनोसायबी प्रजाती’ एवढ्याच नावाने टाकलेल्या क्रमांना नवं नाव जोडायला सांगा, नाहीतर पुढच्या माणसाला तुमची प्रजाती अनामिकच दिसेल. आणि लेखाची एक प्रत ज्या गावच्या टेकडीवर अळंबं मिळालं त्या ग्रामपंचायतीला द्या, मराठीत अर्ध्या पानाच्या माहितीसह. ती टेकडी सपाट करण्याचा प्रस्ताव आला, तर तिथल्या माणसांच्या हातात तेवढा कागद असू द्या.